वायपरनं पिऊन टाकलेला ब्रेक

पावसात वायपर बंद पडला की माणूस घाबरतो. यात सांगण्यासारखं काही नाही. पण वायपर झकास चाललाय, काच आरशासारखी पुसतोय, आणि तेवढ्याचसाठी गाडीतल्या एका माणसाची पाचावर धारण बसलीय, असं कुणी पाहिलंय का? मी पाहिलंय. तो माणूस मी होतो.

आता, मी काही सांगायला लागलो की लोक त्यातलं निम्मं आधीच वजा करतात. गल्लीत मला लोणकढे म्हणतात. ते आडनाव नाही, कमावलेली पदवी आहे. चाळीस वर्षं मोटारी दुरुस्त केल्या. गाडीखाली उताणं पडून काम करताना वर उभ्या गिऱ्हाइकाला काहीतरी सांगत राहावं लागतं. नाहीतर ते खाली वाकतं आणि आपण काय करतोय ते त्याला कळतं. थापा मारायची सवय तिथली. या हकिगतीतलंही निम्मं वजा केलंत तरी माझी हरकत नाही. उरलेलं निम्मं घाट उतरताना आठवायला पुरेसं आहे.

गाडी सासऱ्यांची. त्यांना सगळे नाना म्हणत, मीही. नाना पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचायचे. तीस वर्षं दुसऱ्यांच्या नळातून किती थेंब गेले ते मोजल्यामुळे त्यांना कुठलीही वस्तू वाहताना बघवत नसे. पाणी नाही, पेट्रोल तर नाहीच नाही. खात्यानं मोठ्या साहेबांची जुनाट गाडी लिलावात काढली तेव्हा भंगारवाल्यांशी हुज्जत घालून नानांनी ती पदरात पाडून घेतली. हत्तीएवढी जड, गोल पाठीची, दोन माणसं झोपतील एवढी मागची सीट. मी ती दुरुस्त करायला त्यांच्या अंगणात जायचो. सहा महिन्यांचं काम मी दोन वर्षं पुरवलं, कारण चहा घेऊन त्यांची मुलगी यायची. गाडी चालू झाली आणि महिन्याभरात आमचं लग्न झालं. त्यानंतर गाडीत काहीही बिघडलं की नाना माझ्याकडे असं बघत, जणू माझ्याच वळणात काहीतरी खोट निघाली.

नानांची घाट उतरायची एक रीत होती. खिंडीत पोचलं की किल्ली फिरवून इंजिन बंद करायचं, गिअर काढून टाकायचा, आणि पायथ्यापर्यंत सात वळणं गाडी आपल्या वजनावर सोडून द्यायची. "उताराला पेट्रोल जाळणं म्हणजे नदीला पाणी पाजणं," असं ते म्हणत. मेलेल्या स्टार्टरवर खर्च करायचीही त्यांची तयारी नसे; पायथ्याला चालत्या गाडीत गिअर घातला की इंजिन पुन्हा धरायचं. त्यात त्यांचा हात बसलेला होता. फक्त पावसात ही चैन त्यांना करता येत नसे, कारण इंजिन बंद झालं की त्या गाडीचा वायपर बंद व्हायचा.

तो वायपर विजेवर चालत नव्हता. आजच्या पोरांना सांगितलं तर ही पण थापच वाटते. इंजिन हवा आत ओढतं ना, त्या ओढीवर तो चालायचा. इंजिनाच्या घशातून एक रबरी नळी निघायची ती काचेवरच्या पत्र्याच्या डबीत जायची. डबीत चामड्याचा एक पडदा. ओढ त्याला एकदा इकडे खेचायची, एकदा तिकडे, की बाहेर वायपर हलला. पण चढावर आपण एक्सलेटर दाबतो, इंजिन आ वासून हवा घेतं, आणि ओढच उरत नाही. नळीनं सरबत पिताना तोंड उघडलं तर काय होईल, तसं. म्हणजे सपाटीवर वायपर टुणटुणीत आणि ऐन चढावर, जिथं खरी गरज, तिथं काचेच्या मधोमध आडवा.

त्या वर्षी सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. एक डोळा आधीच कामातून गेलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकलेला. दवाखाना घाटापलीकडे. ठरल्या दिवशी दुपारी चारच्या आत दाखल व्हायचं. तारीख हुकली तर पुढची चार महिन्यांनी, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की चार महिने हा डोळा वाट बघणार नाही. त्यात आठ दिवस पाऊस हटायला तयार नव्हता.

"बसनं न्या," आमची ही म्हणाली.

"बसचे हादरे त्या डोळ्याला?" नाना म्हणाले. "माझी गाडी पाळण्यासारखी आहे. फक्त तो वायपर कुणीतरी नीट करून दिला पाहिजे. घरात मिस्त्री आहे म्हणतात."

मी कामाला लागलो. आधी इंजिन चालू ठेवून नळी उपसली आणि तोंडावर अंगठा धरला. अंगठा असा खेचला गेला की सोडवून घ्यावा लागला. ओढ ठीक. मग नळीला साबणाचं पाणी लावलं. जिथं चीर असेल तिथं फेस आत ओढला जातो. दोन ठिकाणी गेला. नळी बदलली. डबी उघडली, तर आतला पडदा वाळक्या पानासारखा कडकडीत. दोन दिवस तेलात भिजवला. वायपरचा दांडा रॉकेलनं धुतला. सगळं जोडून अंगणात उभ्या गाडीत चालू केलं, तर वायपर असा नाचला की मी हात कमरेवर ठेवून उभा राहिलो. गावाबाहेरच्या टेकडीवर नेली, तर निम्म्या चढावर मेला. पुन्हा उघडली, पुन्हा जोडली. पुन्हा अंगणात नाच, पुन्हा टेकडीवर मरण. तिसऱ्या खेपेला नाना ओट्यावर बसून बघत होते.

"जावईबापू, वायपर थेट तुमच्या वळणावर गेलाय," ते म्हणाले. "बसल्या जागी फार बोलतो. चढ आला की गप्प."

मागं आमची ही खुदकन हसली. ते हसणं माझ्या जिव्हारी लागलं, आणि माझ्या डोक्यात ती कल्पना आली.

गाडी एवढी जड, की तिचा ब्रेक नुसत्या पायानं दाबायचा तर पैलवान हवा. म्हणून ब्रेकलाही इंजिनाच्या ओढीचीच मदत असे. ती ओढ एका पत्र्याच्या टाकीत साठवून ठेवलेली. टाकीच्या तोंडाशी एकाच बाजूला उघडणारी झडप. इंजिन टाकीतली हवा उपसत राहणार, आणि इंजिन बंद झालं तरी चार-पाच वेळा ब्रेक दाबण्याएवढी ओढ टाकीत शिल्लक राहणार. नाना उतारावर इंजिन बंद करून जिवंत राहत ते याच चार-पाच दाबांवर, काटकसरीनं, बाकीचं हॅन्डब्रेकवर भागवत.

मी म्हटलं, ही टाकी इथं आयती भरलेली आहे आणि तिकडे वायपर उपाशी मरतोय. टाकीच्या नळीत तीन तोंडांचा एक टी जॉइंट घातला आणि वायपरची नळी त्यातून काढली. टेकडीवर नेली. चढ संपला तरी वायपर थांबायला तयार नाही. अंगणात आणून इंजिन बंद केलं तरी हा आपला सर्र-टक, सर्र-टक. मोजल्या, साठ फेऱ्या मारून मग निजला. बायकोला बाहेर बोलावून दाखवलं. टेकडी मी चढून बघितली होती. उतरताना इंजिन चालू होतं, त्यामुळं ब्रेक रोजच्यासारखाच लागला. इंजिन बंद, वायपर चालू आणि त्यात उतार, हे तिन्ही एकत्र माझ्या डोक्यातच आलं नाही. चाळीस वर्षांत एवढी साधी गोष्ट माझ्या हातून कधी सुटली नव्हती.

नानांनी विचारलं, "काय केलंत?"

खरं सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, 'ब्रेकला हात लावलात?' म्हणून मी सांगितलं, "पडदा बदलला. पाणबुडीतला आहे. एका निवृत्त खलाशाकडनं मिळवला."

"पाणबुडीला वायपर कशाला?"

"वर आल्यावर," मी म्हणालो.

नानांनी वायपर दोनदा चालू-बंद करून बघितला. पण वायपर चालत होता, त्यामुळं त्यांना बोलता येईना.

ठरल्या दिवशी जेवणं उरकून निघालो. नाना चालवत होते, शेजारी मी, मागं सासूबाई. त्यांना नीट दिसत नसल्यामुळं त्या पुढच्या सीटला धरून बसायच्या. एक हात सीटच्या पाठीवर, एक माझ्या खांद्यावर. पाऊस असा की छपरावर कुणी खडी ओततंय. चढ लागला. नानांनी एक्सलेटर दाबला आणि तिरक्या नजरेनं वायपरकडे बघितलं. सर्र-टक, सर्र-टक. पहिलं वळण, दुसरं, पाचवं. एकदाही थांबला नाही; वळणावर नानांचा पाय सैल झाला की टाकी पुन्हा भरत होती.

"आई, दिसतंय का बाहेर?" मी उगाच विचारलं.

"मला काय दिसायचंय? पण ऐकू येतोय तुमचा वायपर. चांगला ठेका धरलाय."

खिंड आली. ढग थेट रस्त्यावर उतरलेले. नाना गाडी हळू करून म्हणाले, "जावईबापू, एक गंमत बघा." आणि त्यांनी किल्ली फिरवली. गिअर काढला.

इंजिन थांबलं. उरला फक्त पाऊस, टायरखालच्या पाण्याचा आवाज, आणि सर्र-टक, सर्र-टक.

"बघा. इंजिन बंद आणि हा पठ्ठ्या चालूच. आता पावसाळ्यातसुद्धा उतार फुकट." त्यांनी स्टेअरिंगवर थाप मारली. "मानलं तुमच्या पाणबुडीला. मानलं तुम्हाला."

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. नानांनी मला पहिल्यांदा मानलं होतं. मी हसलो. आणि हसू अजून तोंडावर असतानाच माझी नजर वायपरवर गेली.

वायपर कुठून पितोय? टाकीतून. टाकी भरणारं इंजिन? बंद. ब्रेक कुठून पिणार? त्याच टाकीतून. साठ फेऱ्या.

मी मोजायला लागलो. सात, आठ, नऊ. गाडी वेग घेत होती. माझ्या बाजूला दरी; खाली ढग असल्यामुळं तळ नव्हताच. तोंड उघडायचं आणि सांगायचं, एवढंच काम होतं. पण सांगायचं म्हणजे काय काय सांगायचं? पाणबुडी नाही, खलाशी नाही, ब्रेकला हात लावलाय, आणि आत्ता मला मानलंत ते परत घ्या. मी स्वतःला म्हटलं, पहिलं वळण तर जाऊ दे.

चौदाव्या फेरीला पहिलं वळण आलं. नानांनी ब्रेक दाबला, टाकीनं फुस्स केलं, गाडी आज्ञाधारकपणे हळू झाली आणि वळली. वायपरचा ठेका मात्र जरासा ढिला पडला. सर्र… टक. नानांच्या लक्षात आलं नाही.

दुसरं वळण एकतिसाव्या फेरीला. या वेळी नानांना सीटवरून थोडं पुढं सरकावं लागलं.

"आज पेडल जरा कडक लागतंय," ते म्हणाले.

"पावसानं," मी म्हणालो.

ही एवढी थाप मला अजून आठवते. तोंडातून तुपासारखी घरंगळली. पाणबुडीची आठवली की हसू येतं. हिची आठवली की जीभ कोरडी पडते.

दुसऱ्या वळणानंतर रस्ता सरळ होता, आणि सरळ म्हणजे सरळ खाली. गाडी सुटली. छपरावरचा पाऊस मागं ओढला जाऊ लागला. नानांनी सवयीनं हॅन्डब्रेक ओढला; तो भिजलेल्या चिंध्यांसारखा लुळा. त्यांनी आणखी ओढला. काही नाही. त्यांचा उजवा पाय पेडलकडे निघाला.

"दाबू नका," मी ओरडलो. म्हणजे ओरडायचं होतं. घशातून किरटा आवाज निघाला. "ना-नाना, वायपर. वायपर ब-बंद करा आधी."

"का? चांगला चाललाय की."

"तो ब्रेक पितोय. दोघांची टा-टाकी एक आहे. मी केलीय. इंजिन बंद आहे, टाकी भरत नाहीये. हा चालला तर ब्रेक ला-लागणार नाही."

नानांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "लोणकढे," ते म्हणाले, "घाटात तरी सोडा हो. परवा पाणबुडी, आज वायपर ब्रेक पितोय. उद्या टायर जेवायला मागतील."

"खरं सांगतोय."

"तुम्ही कधी खोटं सांगता?"

सर्र… सर्र… टक. बेचाळीस. वेगाचा काटा मी बघितला आणि पुन्हा बघितला नाही. किल्लीकडे हात नेला, तर नानांनी माझा हात झटकून टाकला; चालत्या गाडीत त्यांच्या किल्लीला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

तेवढ्यात मागून सासूबाई बोलल्या. अगदी हळू, जणू स्वयंपाकघरातून.

"अहो, ऐका त्यांचं. खांदा लटलट कापतोय त्यांचा. थापा मारताना माणूस कापत नाही."

नानांनी पेडल नुसतं चाचपलं, अर्धा इंच. मला त्यांच्या गुडघ्याकडे बघून कळलं की खाली काय लागलंय. पेडल नव्हे, भिंत. नानांच्या चेहऱ्यातलं रक्त असं उतरलं की मला त्यांची मिशी एकदम काळी दिसली.

"गिअर घाला," मी म्हणालो.

त्यांनी क्लच दाबून गिअर ढकलला. आत दातांवर दात करकरले आणि गिअर परत बाहेर आला. पुन्हा ढकलला, पुन्हा करकर. एवढ्या वेगात ती जुनी पेटी गिअर घेणार नव्हती; आधी गाडी हळू करायला हवी. आणि गाडी हळू करायला ब्रेक हवा.

"ऐका," मी म्हणालो. माझं अडखळणं थांबलं होतं, पण आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी होता. "टाकीत फार तर एक दाब उरलाय. वायपर बंद केला तर तेवढा तरी राहील. तो एकदाच वापरायचा. गाडी हळू झाली की लगेच तिसरा गिअर, आणि क्लच सोडायचा. किल्ली मी फिरवतो. इंजिन धरलं की ब्रेक परत आला."

"वायपर बंद केल्यावर मला दिसणार काय? कपाळ?"

"मी बघतो. मी सांगेन तसं चालवा."

नानांच्या ओठांचा कोपरा हलला. ते हसणं नव्हतं. घाटात, आंधळ्या काचेमागं, सात गावांत थापाड्या म्हणून ओवाळून टाकलेल्या जावयाच्या शब्दावर स्टेअरिंग फिरवायचं होतं त्यांना. पण दुसरं होतं काय? त्यांनी हात वर नेला आणि वायपरची कळ दाबली.

दोन सेकंदांत काच गेली. समोर रस्ता नव्हता, झाडं नव्हती, नुसतं हलणारं राखाडी पाणी. मी माझ्या बाजूची काच खाली केली आणि छातीपर्यंत बाहेर वाकलो. पाऊस डोळ्यांत सुया टोचत होता. सासूबाईंनी मागून माझ्या सदऱ्याची कॉलर दोन्ही मुठींत धरली.

"सरळ," मी म्हणालो. "सरळच. थोडं उजवीकडे. पुरे."

टायर रस्त्याच्या कडेला लागला तेव्हा आवाज बदलला. डांबराचा गेला आणि खडीचा आला. माझ्या खाली काहीच नव्हतं, एक दगडाचा कठडा आणि मग पांढरं.

"उजवीकडे, नाना. आणखी."

"दाबू का?"

"अजून नाही."

"जावईबापू," सासूबाईंनी विचारलं, "खाली खोल आहे का हो फार?"

"शेत आहे, आई. भाताचं," मी म्हणालो. तिथंही सुचलं बघा.

"दाबू का?" नानांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"नको. वळण दिसतंय. त्याच्या आधी चढासारखं वाटतंय, तिथं गाडी आपसूक जरा…"

आणि मला ट्रक दिसला. वळणाच्या तोंडाशी, बरोबर आमच्या बाजूला, उभा. दिवे नाहीत. मागं रस्त्यात चार-पाच दगड मांडून ठेवलेले. आणि मागच्या चाकांच्या मधून, रस्त्याकडे, दोन पाय बाहेर आलेले. पायांत फाटके बूट. कुणीतरी मिस्त्री, माझ्याच जातकुळीतला, उताणा पडून वर काहीतरी पिळत होता. आमचं इंजिन बंद होतं. त्याला आम्ही ऐकू येणं शक्यच नव्हतं.

आयुष्यभर मी गाडीखाली पडलोय. ते पाय माझेच वाटले मला.

"आता," मी म्हणालो. "आता दाबा. सगळं दाबा. आणि उजवीकडे, पूर्ण."

नाना दोन्ही पायांनी पेडलवर उभे राहिले. टाकीनं शेवटचा श्वास टाकला. तो फुस्स नव्हता. म्हातारा माणूस खुर्चीतून उठताना कण्हतो, तसा काहीतरी. गाडीनं नाक खाली केलं. वेग तुटला, पण पुरता नाही. पहिला दगड आमच्या चाकाखालून ठणकन उडाला.

"गिअर."

नानांनी डावा पाय क्लचवर आपटला, गिअर ढकलला. करकर. पुन्हा ढकलला. करकरलं आणि मग, आत कुठंतरी, खटकन बसलं. मी आत झेप घेऊन किल्ली फिरवली. त्यांनी क्लच सोडला आणि गाडीनं असा हिसका खाल्ला की माझं कपाळ काचेवर आणि सासूबाईंचं माझ्या पाठीवर आदळलं. इंजिन खोकलं, दोनदा शिंकलं, आणि धरलं.

मी पुन्हा बाहेर वाकलो तेव्हा ते बूट माझ्या हाताखालून गेले. हात खाली सोडला असता तर नाडी ओढता आली असती. हे मी वाढवून सांगत नाही. वाढवायचं असतं तर मी ती सोडली असती.

ट्रकच्या पुढं खडीचा ढीग होता. तिथं पोचेपर्यंत पेडल मऊ झालं होतं, आणि नानांनी नाक ढिगाला लावून गाडी थांबवली. इंजिन चालूच ठेवलं. सासूबाईंनी माझी कॉलर सोडली नव्हती.

थोड्या वेळानं ट्रकखालचा माणूस पान्यासकट बाहेर आला आणि आमच्या खिडकीशी वाकला.

"काय झालं काका, पेट्रोल संपलं का?"

"नाही," नाना म्हणाले. "पेट्रोल आहे. भरपूर आहे."

"मग धक्का देऊ का?"

"नको. तुमचे पाय आत घेत चला."

तो माणूस आपल्या पायांकडे बघत राहिला. मी त्याच्याकडून पक्कड मागून घेतली, बॉनेट उघडलं आणि टी जॉइंट कापून काढायला लागलो. नाना छत्री घेऊन माझ्या डोक्यावर धरून उभे राहिले. छत्रीच्या कडेचं पाणी एका जागी पडत नव्हतं.

"तुम्हाला कळलं कधी?" त्यांनी विचारलं.

उत्तर तयार होतं. 'आत्ताच, तिसऱ्या वळणाआधी.' चांगलं, घडीव उत्तर होतं, पटलंही असतं.

"तुम्ही किल्ली फिरवलीत तेव्हाच," मी म्हणालो.

"म्हणजे दोन वळणं."

"अडीच."

छत्री हळूहळू नानांच्या बाजूला सरकली, आणि माझ्या मानेवर पाणी पडायला लागलं. मी काम करत राहिलो. वायपरची नळी पूर्वीच्या जागी लावली, टाकीच्या नळीचं तोंड जोडलं, क्लिप आवळली. पेडल दाबून बघायला सांगितलं; नानांनी आत वाकून हातानंच दाबलं आणि मान हलवली. परत येऊन उभे राहिले.

"किल्ली मी फिरवली," ते म्हणाले, माझ्याकडे न बघता. छत्री अर्धी परत आली.

"अहो," आतून सासूबाई म्हणाल्या, "चारची वेळ आहे ना? निघायचं का इथंच राहायचं?"

नाना उजव्या दाराशी गेले, दार उघडलं आणि तसेच उभे राहिले. उजवा गुडघा दोन्ही हातांनी धरला, तरी तो उडत होता. "हा थांबत नाही," ते म्हणाले. दार माझ्यासाठी उघडं ठेवून ते वळसा घालून माझ्या जागेवर जाऊन बसले.

मी दुसऱ्या गिअरमध्ये गाडी काढली. इंजिन घोंघावत होतं, वायपर सपासप मारत होता, ब्रेक लोण्यासारखा लागत होता, तरी प्रत्येक वळणाआधी मी एकदा दाबून बघत होतो, मग पुन्हा एकदा. चार वळणं उरली होती.

"जावईबापू, काहीतरी बोला हो," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही गप्प बसलात की मला भीती वाटते."

मी तोंड उघडलं. काही म्हणजे काही आलं नाही. पायथ्याला पोचेपर्यंत मी त्यांना नुसतं, पुढं वळण कुठल्या बाजूला आहे, तेवढं सांगत राहिलो.